कोरी पाटी

कार्डिफला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन
मी उत्तरेला गावी परतले, सोबत एक पितळी घंटा,
अठरा चटया, आणि प्लास्टिकात बंद केलेला तक्ता :
डोळे मिटा. श्वासाकडे बघा.
मनाची पाटी कोरी करा.

आमच्या गावाला पाटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.
मागचा डोंगर पाटीचा, छपरं पाटीची,
कुंपणं पाटीची, थडगी पाटीची.
पाऊस थांबला की अख्खं गाव
ओल्या फडक्यानं नुकतंच पुसल्यासारखं दिसतं.

तिसरीचा वर्ग. जेवणानंतरची वेळ.
हॉलमध्ये उकडलेल्या कोबीचा वास रेंगाळलेला.
आडवे व्हा म्हटलं तर अर्धी पोरं उपडी,
हेलेडचा एक मोजा सापडेना,
घंटा वाजली तसं कुणीतरी तिच्याच सुरात पादलं
आणि पहिली दहा मिनिटं हसण्यातच गेली.
(विश्रांती तीही होतीच, तक्त्यात नव्हती एवढंच.)

मग मी प्रत्येकाच्या पोटावर
नदीतला एक चपटा खडा ठेवला.
"ही होडी. श्वास आत, होडी वर.
श्वास बाहेर, होडी खाली. बुडवायची नाही."
आणि खरंच, हळूहळू
सतरा होड्या एका समुद्रात आल्या.

अठरावी डेयोची. खडा मुठीत,
डोळे टक्क उघडे, छताला लागलेले.
मी वाकले. "डेयो, श्वास ऐक नुसता."
"तो मी रात्रभर ऐकतो, मिस.
भिंतीपलीकडे ताइद असतात."

ताइद म्हणजे आजोबा.
बत्तीस वर्षं त्यांनी डोंगराच्या पोटात पाट्या चिरल्या,
आणि डोंगरानंही हिशेब चोख ठेवला,
चिमूट चिमूट त्यांच्या छातीत भरत गेला.

"आधी शिट्टी येते. मग खरखर.
मग मशीन टिक् करतं.
मधे काहीच आलं नाही तर मी मोजतो.
अकरापर्यंत आलं नाही तर आईला उठवायचं.
एकदा नऊ झाले होते."

बाकीची पोरं फुटबॉलचे गोल सांगतात
तशा आवाजात.

मी गुडघ्यांवर बसून राहिले.
माझा स्वतःचा श्वास नेमका कुठे अडकतो
ते तेव्हा कळलं, दोन दिवसांत कळलं नव्हतं.
संध्याकाळी मार्कर घेऊन
तक्त्याची शेवटची ओळ खोडली.
प्लास्टिकावर शाई धरेना. तरी खोडली.

पुढच्या मंगळवारी म्हटलं,
"सतरा जण डोळे मिटून पडणार,
तर एक राखणदार लागेलच.
श्वास मोजायचे नाहीत. खिडकी बघ, दार बघ,
काही आलं तर मला सांग."

तो उठून बसला. पाठ ताठ.
मेंढ्यांमागचा कुत्राही इतका सावध बसत नाही.
तीन मंगळवारांची नोंद त्यानं वहीत ठेवली :
एक कावळा. एक पोस्टमन.
हेडबाई, चोरून बिस्कीट खाताना.

चौथ्या मंगळवारी कादी,
जिला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही,
चटईवरून उठली. "आज मी जागते. तू हो आडवा."
त्याचा खडा त्याच्या मुठीतच,
म्हणून तिनं आपला ठेवला त्याच्या पोटावर,
तिच्या अंगानं गरम झालेला.

त्यानं तिला नीट न्याहाळलं.
"अकरापर्यंत मोजता येतं?"
"हजारापर्यंत," ती म्हणाली,
आणि लगेच सुरुवातही केली, ओठांतल्या ओठांत.

घंटेची वेळ टळून गेली. मी वाजवली नाही.
डेयोनं एक डोळा मिटला होता.
दुसरा अजून कादीवर,
तिचे आकडे चुकत तर नाहीत ना, ते तपासत.